आंबोलीतला एक दिवस, एक चापडा आणि आमची गाडी

कोल्हापूरहून आंबोलीला नेलेल्या एका दिवसाच्या निसर्गसहलीचं हे प्रकरण आहे. जून संपत आला होता. आम्ही 17 जण, एक टेम्पो ट्रॅव्हलर आणि आंबोलीचाच एक वाटाड्या. सहलीचा संदेश मी लिहिला होता आणि त्यात ‘पर्यावरणपूरक’ हा शब्दही मीच घातला होता. त्या शब्दापोटी जे करायचं ते आम्ही केलंही. प्रत्येकाकडे स्वतःची पाण्याची बाटली, कुरकुऱ्यांची पाकिटं बंद, गाडीत गाणी बंद, जेवण गावातल्या एका घरी. तरी त्या दिवशी दोन वेळा असा प्रसंग आला की जे बघायला आलो होतो त्यालाच आमच्यामुळे इजा झाली असती. एकदा दुपारी एका झुडपापाशी, एकदा संध्याकाळी डांबरी रस्त्यावर. दोन्ही वेळा निभावलं ते वाटाड्यामुळे. पण ती वेळ आली ती माझ्या आखणीमुळे, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. सुट्टीच्या दिवशी मुलांना, पालकांना, ओळखीच्यांना घेऊन डोंगरात जाते. या वेळी मुलं नव्हती, सगळी मोठी माणसं होती. त्यातल्या पाच-सहा जणांकडे मोठमोठ्या लेन्सचे कॅमेरे होते.

आंबोलीच का, हे आधी सांगायला हवं. समुद्रसपाटीपासून साधारण 700 मीटरवर, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर हे गाव वसलं आहे. खाली सावंतवाडी, वर आजरा-गडहिंग्लजचा घाटमाथा. समुद्रावरून आलेले ढग पहिल्यांदा इथेच अडतात, त्यामुळे वर्षाला 7,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बहुतेकांना आंबोली म्हणजे घाटातला धबधबा, मक्याचं कणीस आणि कावळेसादच्या दरीतून उलटं वर उडणारं पाणी एवढंच माहीत असतं. पण जीवशास्त्राच्या माणसाला हे गाव वेगळ्या कारणाने ओढतं. एकट्या 2009 साली इथल्या दोन उभयचरांची नव्याने नोंद झाली: आंबोली टोड, म्हणजे खरखरीत कातडीचा, जमिनीवर राहणारा बेडूक, आणि आंबोलीचा झुडपी बेडूक. त्याआधी 2003 मध्ये इथूनच एका देवगांडुळाची नवी जात सापडली होती. देवगांडूळ म्हणजे बेडकांचाच बिनपायाचा, मातीत राहणारा नातेवाईक. लोक त्याला गांडूळ किंवा साप समजून मारतात. 2020 मध्ये हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडातून माशाची एक नवी जात जगापुढे आली, आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारने त्या मंदिराचा आणि कुंडाचा परिसर जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केला. एका घाटमाथ्यावरच्या गावाने एवढं काही जपून ठेवलेलं आहे, आणि तरी शनिवार-रविवारी तिथे येणाऱ्या हजारोंपैकी बहुतेकांना त्याची गंधवार्ता नसते. मला याचं मनापासून वाईट वाटतं, आणि ही सहल त्यातूनच ठरली होती.

वाटाड्या पस्तिशीतला. लहानपणापासून गुरांमागे हे रान तुडवलेला, पुढे संशोधकांबरोबर रात्र-रात्र बेडूक शोधत फिरून शास्त्रीय नावं तोंडपाठ झालेला. आम्ही सकाळी आठला पोचलो तेव्हा धुकं इतकं होतं की तो गाडीच्या अगदी पुढ्यात येईपर्यंत दिसलाच नाही. त्याने पहिलं काम केलं ते सगळ्यांचे हात तपासायचं. डासांचं मलम, उन्हाचं क्रीम, कोणी काय लावलंय ते विचारलं आणि ज्यांनी लावलं होतं त्यांना बाजूला घेतलं.

“बेडूक कातडीनं पाणी पितो, कातडीनं श्वास घेतो. तुमच्या हाताला जे लागलंय ते त्याच्या अंगात जातं. ज्यांच्या हाताला मलम आहे त्यांनी आज कशालाच हात लावायचा नाही. बाकीच्यांनीही मी सांगितल्याशिवाय नाही.”

मग बुटांचे तळवे घासून धुवायला लावले. आधी दुसऱ्या रानात फिरून आलेल्या बुटांच्या चिखलातून बेडकांच्या कातडीला होणारा बुरशीचा रोग इकडून तिकडे जाऊ शकतो. या बुरशीने जगभर बेडकांच्या कितीतरी जाती संपवल्या आहेत आणि पश्चिम घाटातही ती आढळली आहे. एवढं साधं कारण. पण इतकी वर्षं डोंगर फिरून मी स्वतः कधी बूट धुवून रानात शिरले नव्हते.

सकाळ सड्यावर गेली. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. उन्हाळ्यात कोणी बघितलं तर म्हणेल, इथे काय आहे, नुसता काळा-तांबडा दगड. पावसात त्याच दगडाच्या खळग्यांत बोट-दोन बोटं पाणी साठतं. वाटाड्याने आम्हाला एका ओळीत, त्याने पाय ठेवला तिथेच पाय ठेवत नेलं आणि एका खळग्याशी उकिडवं बसवलं. परातीएवढा खळगा. आधी काही दिसेना. मग तळाच्या शेवाळावरचे काळे ठिपके हलायला लागले. बेडूकमासे. आंबोली टोड अशाच उथळ पाण्यात अंडी घालतो. चार दिवस पावसाने दडी मारली की खळगा आटतो आणि सगळं वाया जातं, म्हणून पिल्लांना वाढायची घाई असते. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, “मगाशी आपण गाडी लावली त्या बाजूला असेच खळगे होते ना?” होते. आमच्या आधी तिथे कोणीतरी जीप सड्यावर चढवून गोल-गोल फिरवली होती, चाकांचे वळसे शेवाळावर उमटले होते.

हिरण्यकेशीला थोडाच वेळ थांबलो. कुंडात पिठाच्या गोळ्या टाकायच्या नाहीत, पाय बुचकळायचे नाहीत, एवढं सांगून वाटाड्या गप्प उभा राहिला. मागच्या झाडीतून शीळकरी कस्तुराची शीळ येत होती. रस्ता चुकलेला पोरगा वेळ घालवायला शीळ घालत चाललाय असं वाटावं, अगदी तशी. जेवणाला तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, फोडशीची भाजी आणि ताक होतं. त्या घरच्या वहिनींनी भाजी त्याच सकाळी रानातून खुडून आणली होती. इथवर दिवस फार चांगला गेला.

कारवीच्या झुडपापाशी

दुपारी अडीचच्या सुमाराला पायवाटेच्या कडेला वाटाड्या थांबला आणि त्याने हात मागे करून सगळ्यांना थोपवलं. कारवीचं कमरेएवढं झुडूप. दोन मिनिटं बघूनही मला काही दिसलं नाही. मग त्याने पानाचा रंग नाही, फांदीची जाडी बघा असं सांगितलं आणि एकदम दिसला. चापडा. पोपटी-हिरवा, फांदीला दोन वेढे, डोकं खाली झुकलेलं, अगदी निश्चल. इंग्रजी नावाने ज्याला मलबार पिट व्हायपर म्हणतात तो हा विषारी साप. याच जातीचे तपकिरी, पिवळे, नारिंगी सापही असतात. माझ्या जागेवरून त्याच्या डोक्याची एकच बाजू दिसत होती. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधला तो छोटा खळगा दिसत होता, ज्याने त्याला अंधारातही उंदराच्या अंगाची ऊब कळते. उरलेलं अर्धं डोकं एका रुंद पानाआड होतं. पानाच्या टोकावरून पाण्याचा थेंब ओघळायचा, सापाच्या मानेवर पडायचा, खवल्यांवरून घरंगळायचा. साप हलायचा नाही.

कॅमेरेवाले पुढे सरकले. वाटाड्याने सहा-सात फुटांवर काठीने जमिनीवर रेघ ओढली. फ्लॅश नाही, रेघेच्या पुढे पाऊल नाही. पहिली पाच मिनिटं सगळ्यांनी ऐकलं. मग आमच्यातले एक काका, वयाने साठीच्या पुढचे, छायाचित्रणाची खरी आवड असलेले, म्हणाले, “ते एक पान तेवढं काडीनं बाजूला कर. सगळा चेहरा झाकलाय.”

वाटाड्याने नको म्हटलं.

“अरे, एक पान. साप नको हलवूस, पान हलव.”

“काका, चार दिवस झाले तो याच फांदीवर आहे. हा पाठलाग करणारा साप नाही, एका जागी बसून वाट बघतो. रात्री खाली बेडूक येतात, म्हणून त्याने ही जागा धरलीय. पान हललं, काडी लागली, तर तो ही जागा सोडेल. आणि पान त्याच्या डोक्यावर आहे ते उगाच नाही.”

काकांचा आवाज चढला. एवढ्या पहाटे उठून आलो, पैसे भरले, संदेशात लिहिलं होतं ‘साप नक्की दिसतील, उत्तम फोटो मिळतील’. मग पैसे घेतले कशाचे? दोघा-तिघांनी माना डोलावल्या. एकाने तर स्वतःच काडी उचलली.

त्या क्षणी वाटाड्याची बोली बदलली. सकाळपासून आमच्याशी शहरी मराठीत बोलणारा तो माझ्याकडे वळून मालवणीत बोलला: “ताई, तेका हलवन फोटो काढूचे आसतीत तर माझे पैसे परत घेवा. माका ता जमाचा नाय.” आणि तो झुडूप आणि काडी घेतलेला माणूस यांच्या मधे येऊन उभा राहिला.

मी बराच वेळ गप्प होते, हे मला नोंदवलंच पाहिजे. मिनिट-दीड मिनिट असेल, पण त्या मिनिटात मी मनात हिशेब करत होते: काकांच्या ओळखीने पाच जण आले आहेत, एक पान हलवल्याने असं काय होणार आहे. मी जीवशास्त्राची शिक्षिका, सकाळी बुटांचे तळवे धुताना मान डोलावणारी, आणि माझ्याही मनात ‘एक पान’ आलं. मग बोलले. संदेशातलं ते वाक्य माझं आहे, ते लिहायला नको होतं, ज्यांना त्यावरून फसवलं गेल्यासारखं वाटतंय त्यांचे पैसे मी देईन, पण पानाला कोणी हात लावायचा नाही.

काडी खाली पडली. काका काही न बोलता मागे जाऊन एका दगडावर बसले.

वाटाड्याच्या नकारामागे आणखी एक कारण होतं, ते त्याने मला पुढे चालताना सांगितलं. आपल्याकडे दवाखान्यात मिळणारी सर्पदंशाची लस चार सापांच्या विषासाठी बनते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. चापडा त्यात नाही. त्याच्या दंशाने भयंकर वेदना होतात, सूज येते, आणि त्यावर खास उतारा नाही. शिवाय सापाला पकडणं, डिवचणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. पण यातलं एकही कारण त्याने काकांना सांगितलं नव्हतं. मी विचारलं का. तो म्हणाला, घाबरवून थांबवलं तर माणूस धीट होऊन पुन्हा येतो.

आणखी एक गोष्ट त्याने तिथे करून घेतली. सगळ्यांना फोनमधलं लोकेशन बंद करायला लावलं आणि फोटो टाकताना जागेचं नाव लिहू नका म्हणून विनंती केली. म्हणूनच मीही इथे ती वाट कुठली ते लिहीत नाही.

संध्याकाळचा रस्ता

या वादात, त्यानंतरच्या रेंगाळण्यात आणि एका ओढ्याला पाणी चढल्यामुळे घेतलेल्या वळशात आमचा दीड-दोन तास गेला. पाचला आंबोली सोडायची होती, सातला गाडीत बसलो. बाहेर धुकं, वरून संततधार, आणि अंधार पडत आलेला. गाडी आजऱ्याच्या दिशेला लागली. वाटाड्याचं घर त्याच बाजूला, म्हणून तो पुढच्या सीटवर होता. थोडं अंतर गेल्यावर तो ड्रायव्हरमामांना म्हणाला, “मामा, थांबवा. लाइट खाली करा.”

दिव्यांच्या झोतात रस्त्यावर ओले पाचोळ्याचे तुकडे पडल्यासारखं दिसत होतं. त्यातला एक तुकडा उडी मारून पुढे गेला.

आम्ही खाली उतरलो. अंगठ्याएवढे टोड, तपकिरी, कुशीवर वाघासारखे पट्टे. त्या पट्ट्यांवरूनच शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ‘टायगरिना’ ठेवलं आहे. सकाळी ज्यांचे बेडूकमासे बघितले तेच हे. आंबोली आणि तिच्या आसपासच्या थोड्या टापूबाहेर हा जीव माहीत नाही. आंतरराष्ट्रीय यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे, म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी अलीकडची पायरी. आणि तो आमच्या चाकांखाली बसला होता. पाऊस पडला की नर-मादी पाण्याकडे निघतात आणि सड्याच्या मधून गेलेला रस्ता त्यांना ओलांडावा लागतो. डांबरावर काही आधीच चिरडलेले होते. कागदासारखे चपटे. मी टॉर्च जवळ नेला तर एकाच्या कुशीवरचे पट्टे तेवढे शाबूत होते.

वाटाड्याने दोन पर्याय सांगितले. एक, गावात परत जाऊन रात्र काढायची. दुसरा, पुढचा साधारण एक किलोमीटर माणसांनी पुढे चालायचं आणि गाडीने मागून पहिल्या गिअरमध्ये यायचं. रात्र काढायची कोणाचीच तयारी नव्हती. मामा चिडले, क्लच जळेल म्हणाले. शेवटी तयार झाले.

सहा जण पुढे चाललो. सकाळी हाताला मलम नसलेल्यांपैकीच हे सहा, कारण टोडला बाजूला करताना ओल्या हाताची ओंजळ करावी लागत होती किंवा ओलं पान पुढे धरावं लागत होतं. ज्या दिशेला तो निघालाय त्याच दिशेच्या कडेला सोडायचा, उलट सोडला तर तो पुन्हा रस्त्यावर येतो. काका गाडीतून उतरले नाहीत. त्यांच्या पत्नी उतरल्या. साडीचा पदर खोचून, छत्री मिटून बगलेत धरून त्या सगळ्यात पुढे वाकून चालत होत्या आणि प्रत्येक टोडमागे मोठ्याने आकडा म्हणत होत्या. आमच्या बाजूने दोन ट्रक आणि कितीतरी मोटारी सुसाट निघून गेल्या. एका मोटारीतल्या लोकांनी काय हरवलंय म्हणून विचारलं. त्या बाईंनी सांगितलं, “काही नाही, बेडूक आहेत. जरा हळू जा.” ते हळू गेले की नाही ते धुक्यात कळलं नाही.

एका किलोमीटरला पन्नास मिनिटं लागली. त्यांचा आकडा 43 वर थांबला.

चुकलं कुठे

कोल्हापूरला पोचायला मध्यरात्र झाली. पुढच्या आठवड्यात मी वाटाड्याशी फोनवर तासभर बोलले आणि सगळं उलगडून बघितलं.

पहिली चूक संदेशातली. ‘साप नक्की दिसतील’ असं लिहिलं की ते वचन पाळायचं ओझं मी वाटाड्याच्या आणि सापाच्या डोक्यावर टाकते. वाटाड्याने सांगितलं ते ऐकून मला धक्काच बसला. काही ठिकाणी आदल्या रात्री साप धरून पिशवीत ठेवतात आणि पाहुणे आले की झुडपावर ठेवून ‘सापडला’ म्हणतात. बेडकाला थंडगार पाण्यात ठेवून सुस्त करतात, म्हणजे तो फोटोसाठी बसून राहतो. ही मागणी आमच्यासारख्यांच्या संदेशांतूनच तयार होते. काकांनी जे मागितलं ते मीच त्यांना विकलं होतं. म्हणून मला त्यांचा राग आला नाही, आजही नाही. त्यांना पैसे परत केले, त्यांनी ते घेतले आणि गटातून बाहेर पडले.

दुसरी चूक माणसांच्या संख्येची. एका वाटाड्यामागे 17 हे अरुंद पायवाटेवर फार होतात. झुडपाशी त्याला एकाच वेळी साप, रेघ आणि आमची काडी या तिन्हींवर लक्ष ठेवावं लागलं. सगळ्यांना बघायला मिळावं म्हणून आम्ही त्या झुडपापाशी जवळजवळ चाळीस मिनिटं काढली. आठ जण असते तर दहा मिनिटांत पुढे गेलो असतो.

पण सगळ्यात मोठी चूक मला दिवसभर दिसलीच नव्हती, आणि ती म्हणजे परतीची वेळ. बाटल्या, पत्रावळ्या, गाणी यांचा मी बारकाईने विचार केला. पण सहलीची सगळ्यात जड, सगळ्यात घातक वस्तू, म्हणजे आमची गाडी, नेमकी पावसाळी अंधारात टोडच्या वाटेवरून जाणार आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एक किलोमीटर चालून आम्ही 43 वाचवले असतील. त्याआधी गाडी थांबेपर्यंत जे अंतर कापलं, तिथे किती गेले ते मला माहीत नाही. तो विचार अजून पाठ सोडत नाही.

वाटाड्याला मी विचारलं, त्या दिवशी त्याचं काय चुकलं. तो म्हणाला, चापडा दाखवायलाच नको होता. एवढी माणसं आणि एवढे कॅमेरे बघून त्याला सकाळीच अंदाज आला होता, पण माझ्या संदेशाचं त्यालाही दडपण होतं. आता तो काय-काय सापडलंय ते माझ्यापासूनही लपवतो, आणि मी विचारत नाही.

पुढची सहल जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. संदेशात लिहिलं: ‘पाऊस, सडा, रानभाजीचं जेवण. प्राणी दिसतील किंवा दिसणार नाहीत. दुपारी चारला आंबोली सोडायची, कोणासाठीही थांबणार नाही. आठच जागा.’ खर्च माणशी वाढला, कारण वाटाड्याचे आणि जेवणाच्या घराचे पैसे आम्ही कमी केले नाहीत आणि ते आता आठांत विभागले गेले. विचारणा केलेल्यांपैकी कितीतरी जणांनी फिरून फोन केला नाही. काकांच्या पत्नी मात्र आल्या, एकट्या.

चापडा दिसला नाही. एका डबक्यावर वाकलेल्या फांदीला उडत्या बेडकाचं फेसाचं घरटं दिसलं. साबणाचा फेस कोणी पानांत गुंडाळून ठेवावा तसं ते होतं. मादी पायांनी फेस घुसळून त्यात अंडी घालते, आणि पिल्लं वाढली की तिथून थेट खालच्या पाण्यात टपकतात. त्या बाई छत्रीखाली पाऊण तास त्या फेसाखाली उभ्या होत्या, एखादं पिल्लू पडताना दिसेल म्हणून.

एक पडलं की नाही यावर त्यांची आणि वाटाड्याची चर्चा चालू असताना मागून हाक आली. गाडी सड्यापासून लांब, गावातच उभी होती. तिथून मामा पावसात चालत आम्हाला शोधत आले होते. हातातलं घड्याळ दाखवत म्हणाले, “साडेतीन झाले, चला. उशीर झाला तर मी गाडी काढणार नाही.”